गाडीचा नमस्कार

"बॅटरी मी माझी लावलीय, स्टार्टर फिरतोय, पेट्रोल येतंय. पण ठिणगीच नाही, वैनी," लवू मेकॅनिक बॉनेटमधून डोकं बाहेर काढत म्हणाला. "करंट मध्येच कुठेतरी मरतोय."

घाटकोपरच्या त्या सोसायटीच्या आवारात चौसष्ट सालची फियाट उभी होती. बावीस वर्षांची म्हातारी. मालक सहदेवराव जाऊन तीन महिने झाले, तेव्हापासून ती जागची हलली नव्हती. सोसायटीने आज दुपारी बारापर्यंतची मुदत दिलेली. सुरू झाली तर मुलगी शकू ती बोरिवलीला नेणार. नाही तर फाटकाशी भंगारवाला टेम्पो लावून बसलाच होता. मेला मघापासून घड्याळ बघत होता.

"नमस्कार केलास का?" सहदेवरावांच्या पत्नीने, रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"कुणाला?"

"गाडीला! हे चावी फिरवायच्या आधी वाकायचे. घरच्या गणपतीपुढे कधी हात जोडले नाहीत, युनियनवाला माणूस ना! पण गाडीत बसले की वाकायचे. तेवढ्यावरून मी ओळखलं, आतून देव मानतात."

शकू वैतागली. "आई, पावणेबारा झालेत. काहीतरीच काय!"

लवू मात्र हसला नाही. "दाखवा बघू, कसे वाकायचे?"

बाई जन्मात पहिल्यांदा स्टेअरिंगपुढे बसल्या. नवऱ्यासारख्या वाकल्या, कपाळ टेकलं. त्यांचा जायचा तसाच डावा हात डॅशबोर्डखाली गेला. बोटांना काहीतरी लागलं. टक्.

"थांबा!" लवूने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. भंगारवाला शिवी हासडून उठला.

"चोरबटण आहे, वैनी. कुणी गाडी पळवू नये म्हणून लपवून बसवतात. ते बंद असलं की ठिणगी पडत नाही."

"म्हणजे तो नमस्कार नव्हताच?"

लवूने नकारार्थी मान हलवली.

"बावीस वर्षं फसवलं रे मला या माणसाने!" त्या हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. पदराने डोळे पुसत त्या खाली उतरल्या.

लवूने इंजिन बंद केलं, बटण बंद केलं आणि चावी शकूच्या हातात दिली. "आता तू करून बघ, ताई."

शकू आत बसली. तिचा हात सरळ डॅशबोर्डखाली गेला. आईने खिडकीतून तिच्या खांद्यावर एक चापट मारली.

"बटण नंतर. आधी नमस्कार."