आधी दाढ की आधी गोळ्या

दातांच्या दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीतून शिलाने व्यसनमुक्ती केंद्राची चिठ्ठी वाचली आणि परत बाहेर सरकवली. “मावशी, इथं लिहिलंय, आधी दाढ काढून या. सूज उतरली की दाखल करून घेऊ.”

“आन् तुमच्या साहेबांनी लिहून दिलंय, आधी नशा सोडल्याचं पत्र आणा, मगच दाढ काढू,” मिराबाई म्हणाली. “मग आमी जावं कुठं?”

शिलाने पुढच्या पेशंटचं नाव विचारलं. तिचं काम केसपेपर फाडण्याचं.

तीन दिवस झाले, मिराबाई सेनगावजवळच्या तांड्यावरून लेकाला घेऊन हिंगोलीला खेटे घालत होती. सोमवारी दातांचा दवाखाना, मंगळवारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं केंद्र, आज पुन्हा दवाखाना. कुलदीपचा गाल सुजून डोळा बारीक झाला होता. पिकअप चालवता चालवता त्याला नशेच्या गोळ्यांची सवय लागली. आता दाढेची कळ उठली की तो आणखी दोन गोळ्या तोंडात टाकायचा. दाढ निघेपर्यंत गोळ्या सुटणार नव्हत्या, आणि गोळ्या सुटेपर्यंत ही मंडळी दाढ काढणार नव्हती. एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांना कळू नये, म्हणून मिराबाईच्या अंगाचा तिळपापड होत होता.

“याडी, आज सोडतो म्हणतो मी,” कुलदीप बाकावरून आईला म्हणाला. “उद्याचं मला सांगता येत न्हाई.”

चार वर्षांत पोरगं पहिल्यांदा स्वतःहून असं बोललं होतं. मिराबाईला आनंद झाला नाही, धास्तीच वाटली. उद्या उजाडायला किती वेळ लागतो?

तिला अक्षरओळख नव्हती. पण जन्मभर तिने कापडावर भरतकाम केलं होतं, आणि टाका बघून तो तांड्यातल्या कुठल्या बाईचा हे ती बिनचूक सांगे. बाकावर बसून तिने दोन्ही जागच्या चिठ्ठ्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. वरचा मजकूर दोन वेगळ्या हातांचा होता. खालची सही मात्र एकाच हातची होती.

ती उठून खिडकीशी गेली. “बाई, त्या केंद्राचे साहेब कोण?”

“तिथली जागा दोन वर्षं झाली रिकामीच आहे,” शिला म्हणाली. “चार्ज आमच्याच साहेबांकडं. संध्याकाळी कागद येतात, ते सह्या करून देतात.”

मिराबाईने लेकाचं मनगट धरलं आणि नंबराची वाट न बघता साहेबांच्या खोलीत शिरली.

“मावशी, माझी काही ना नाही,” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. “पण आधी केंद्राने त्याला घ्यायला पाहिजे. तिथल्या साहेबांना सांगा.”

तिने कुलदीपला दिव्याखालच्या खुर्चीत बसवलं. दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांच्या समोर ठेवल्या आणि दोन्ही सह्यांवर एकेक बोट टेकवलं.

“तुमीच सांगा त्यांला, साहेब,” ती म्हणाली. “तुमचं तुमच्याशी बोलणं होईस्तवर माझं लेकरू या खुर्चीतून उठत न्हाई.”