अवघड डाव

तिसरा डाव सगळ्यात अवघड असेल, असं डॉक्टर मेलानियानं बजावलं होतं. आणि हमायाक तो सहज जिंकत चालला होता. हेच त्याला खटकत होतं.

डोक्यावर तारांची घट्ट टोपी, समोर पडद्यावर पट. संगणकाशी तीन डाव खेळायचे होते: सोपा, बरोबरीचा आणि अवघड. कुठल्या डावात मेंदू किती राबतो, ते डॉक्टरला बाजूच्या आलेखावर दिसत होतं. येरेवानातल्या कितीतरी पोरांना हमायाकनं बुद्धिबळ शिकवलं होतं. मागच्या महिन्यात मात्र तो भलत्याच इमारतीत शिरून परक्या दाराला आपली किल्ली लावत बसला होता. "त्यांना अभ्यासासाठी जुने खेळाडू हवेत, बाबा," एवढंच सांगून नुने, त्याची मुलगी, त्याला इथं घेऊन आली होती.

"डॉक्टरबाई, तुमचं यंत्र आजारी आहे का?"

"का हो, उस्ताद?"

"उंट फुकट सोडतंय. फुकट कोण काय देतं?"

"तुम्ही खेळा ना." डॉक्टरनं नजर चुकवली.

हमायाक बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग त्यानं आपला वजीर सरळ काळ्या हत्तीच्या तोंडी दिला. मागे कसलाच जोर नव्हता. आलेखावरच्या रेषा एकदम उसळल्या. भीतीनं की चलाखीनं, ते काही त्या रेषा सांगत नव्हत्या.

पलीकडून उत्तर यायला उशीर लागला. मग काळ्याचं कडेचं प्यादं हळूच एक घर पुढे आलं.

हमायाकनं टोपी ओढून काढली.

"यंत्रानं वजीर खाल्ला असता. बोलवा तिला."

"कुणाला?"

"माझ्या पोरीला. दया आली की कडेचं प्यादं ढकलते. लहानपणापासूनची खोड आहे."

शेजारच्या खोलीचं दार उघडून नुने बाहेर आली.

"सोपा डाव हरलात तेव्हा तुमचा चेहरा बघवेना मला. यंत्राऐवजी मला खेळू द्या म्हणून मीच डॉक्टरांच्या मागे लागले."

"हरलो तर हरलो. म्हणून लुबाडायचं होय मला?"

"लुबाडलं कुठे, बाबा? जिंकवत होते!"

"तेच ते."

कपाटावर एक लाकडी पट होता. तो त्यानं खाली काढला, सोंगट्या मांडल्या. "बस समोर. आणि हात राखून खेळलीस तर घरी चालत जाईन, एकटा."

त्या धमकीनं नुनेचा चेहरा उतरला. पण ती बसली आणि खरंच खेळली. त्याचा घोडा मारला, मग हत्ती. दर माराला म्हातारा खुशीत मान डोलवत होता. "हं, आता कशी! ही माझी पोर!" डॉक्टर टोपी हातात धरून नुसती उभी होती.

नुनेनं शह दिला आणि हात मागे घेतला.

हमायाक पटावर वाकला. बराच वेळ तसाच राहिला. खिडकीबाहेर ट्रॉलीबस थांबली, गेली.

"चाल कुणाची?" त्यानं मान वर न करता विचारलं.

नुनेनं पटाकडे पाहिलंच नाही. वाकून ती त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू शोधू लागली.