हातून झालेली चूक

“तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा,” म्हाळसा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

सुफियाने पाठ केलेलं उत्तर सुरू केलं. एकदा रेडिओवर तिने धावपट्टीचा नंबर चुकीचा सांगितला होता. लगेच लक्षात आलं, लगेच दुरुस्त केला, त्यातून ती खूप शिकली.

“यात चूक कुठं हाय?” मॅडम म्हणाल्या. “ही तर फुशारकी झाली.”

सुफिया हसली. मॅडम हसल्या नाहीत.

दौंडहून एसटीने न्हावऱ्यावरून शिरूरला यायचा हा तिचा सहावा रविवार. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या. पोलीस भरतीच्या, बँकेच्या मुलांची त्या मुलाखतीची तयारी करून घेत. पायलट त्यांच्याकडे पहिलीच. त्यांनी आपणहून फोन केला होता, फ्लाइंग स्कूलच्या यादीतून नंबर मिळाला म्हणून. विमा विकणारेही हल्ली असेच नंबर मिळवतात, त्यामुळे सुफियाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फीचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या होत्या, नोकरी लागू दे आधी.

नोकरीचंच तर घोडं अडलं होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत पायलट म्हणजे इंजिन चालवणारा. सुफियाचं लायसन्स आलं तेव्हा शेजारणीने कौतुकाने विचारलं होतं, मालगाडी का मेल? अब्बू, म्हणजे वॅगन दुरुस्तीतले अयुबभाई, पोट धरून हसले होते. त्याला आता दीड वर्ष झालं. तीन विमान कंपन्यांच्या लेखी परीक्षा ती पास झाली आणि तिन्ही वेळा मुलाखतीत या एकाच प्रश्नाला तिची वाचा बसली. गुरुवारी चौथी मुलाखत होती. ही हुकली तर पुढची भरती कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं. अब्बू तोंडाने काही बोलत नसत, पण शेजाऱ्यांना मुलाखतीची तारीख सांगणं त्यांनी बंद केलं होतं.

अब्बूंना सकाळी खोकला यायचा. दोनदा लागोपाठ खोकले की सुफिया असेल तिथे थिजायची. एसटी चढावर आचके द्यायला लागली की पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरायची. एकदा शेजारच्या बाईने मळमळतंय का म्हणून लिंबू दिलं. ते तिने शिरूरपर्यंत मुठीत धरून ठेवलं.

“पॅनेलवरची माणसं वीस-वीस वर्षं उडालेली असत्यात,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना खोटं लांबूनच कळतं. एक खरी चूक सांग. आधी माझ्यापुढं सांगून बघ.”

बाहेर ओट्यावर मॅडमचे मालक मेथी निवडत बसले होते. ते परात घेऊन आत निघून गेले. सुफियाचा तास सुरू झाला की ते थांबत नसत.

“इंजिन दोनदा खोकलं, मॅडम,” सुफिया म्हणाली. “ट्रेनिंगला व्हते तवा, सकाळी उतरताना.”

“मग?”

“विमानाच्या वहीत लिहायचं असतं. लिहिलं की विमान उभं करत्यात, तपासत्यात. लायसन्सला दोनशे तास उडावं लागतं, माझे दोनच कमी व्हते. दुपारी तेच विमान मला मिळणार व्हतं.”

“मग स्नॅग लिहिलाच न्हाईस?”

“न्हाई. निल लिहिलं. काही बिघाड नाही. आन् खाली सही केली.”

मॅडम नेहमी पूर्ण तयारी करून बसत, बिघाडाच्या नोंदीसाठीचा हा ‘स्नॅग’ शब्द त्यांना माहीत असायचाच. त्यांनी घड्याळ उचलून बाजूला ठेवलं.

“दुपारी उडालीस?”

“मधी एका ज्युनिअरची पाळी व्हती. तिचं टेकऑफलाच इंजिन बंद पडलं. विमान शेतात पडलं. ती गेली, मॅडम.”

“चौकशीत काय निघालं?”

“तिचीच चूक. वही साफ व्हती ना. घाबरून तिनंच काहीतरी केलं, असं लिहिलं.”

सुफियाला रडू फुटलं. ओढणी तोंडाशी धरून ती बराच वेळ रडली. मॅडमनी तिला थांबवलं नाही आणि पाणीही विचारलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

“गुरुवारी हे सांगितलं तर लायसन्स जाईल माझं,” ती शेवटी म्हणाली.

“जाईल.”

“अब्बूला काय सांगू?”

“जे मला सांगितलंस तेच.” मॅडमचा आवाज नेहमीसारखाच होता. “त्या पोरीचं नाव काय?”

“डी. बी. म्हणायचे सगळे. फळ्यावर तशीच नुसती अक्षरं लिहायचे. पूर्ण नाव मला... मी पेपर उघडलाच न्हाई. शोकसभेलाबी थांबले न्हाई, उरलेले दोन तास दुसऱ्या विमानावर भरले आन् बॅग भरून घरी आले.”

“मग लिहून घे. कुणी विचारलं तर सांगता आलं पायजे.”

मॅडमनी वही आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. सुफियाने डोळे पुसले आणि पेन उघडलं.

“हल्ली मधी आईचंबी नाव घालत्यात,” मॅडम म्हणाल्या आणि वर्गात शुद्धलेखन घालतात तसा एकेक शब्द सावकाश सांगू लागल्या. “धनश्री. म्हाळसा. बिरदेव. कोकरे.”