बिनआवाजाचा पंप

पहिला पंप सुरू झाला, तरी छोटीबाईला तो सुरू झाल्यासारखा वाटेना. माशांच्या काचेच्या टाकीत पाणी काठोकाठ चढलं, जास्तीचं वरच्या नळीतून खालच्या घंगाळात उतरलं आणि पंपानं ते गुपचूप परत टाकीत नेऊन सोडलं. मग चुडामण मिस्त्रीनं दुसरा पंप जोडला. बटण दाबलं मात्र, फडताळातल्या वाट्या एकमेकींवर आपटू लागल्या. ओट्यावर दाणे टिपणारी कबुतरं भर्रकन उडाली.

चुडामणनं कानांत बोटं घातली. "शेठजी, हाऊ पंप शे का पीठनी गिरनी?"

भीकमचंद शेठ, छोटीबाईचे सासरे, टाकीसमोर पाटावर बसले होते. जुन्या पंपाच्या जागी बसवायला हे दोन्ही पंप त्यांनीच सुरतेहून मागवले होते. दोघांचंही पाणी त्यांनी निरखून पाहिलं. दुसऱ्याची धार चांगली जोरकस होती. त्यांनी मान डोलावली. "हाऊच ठेव."

छोटीबाई स्वयंपाकघराच्या दाराआड घुंगटात उभी राहून बघत होती. बिनआवाजाचाच पंप पाहिजे, असा इतके दिवस धोशा लावणारा माणूस हा घणघणाट घरात ठेवून घेतोय! आता शंकेला जागाच उरली नाही. सासऱ्यांना तिचं बोलणं कानावर पडायलाच नको होतं.

बीनणीनं, म्हणजे सुनेनं, सासऱ्याशी बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, ही त्या घराची रीत. सासूबाई नोजीबाई होत्या तोवर काही अडलं नाही. सगळे निरोप त्यांच्यातून जायचे. मासेही त्यांचेच. एका उन्हाळ्यात सारंगखेड्याजवळ तापीचा डोह आटला, तेव्हा चिखलात तडफडणारी पिल्लं त्यांनी हंड्यात घालून नंदुरबारला आणली होती. पुढे त्या गेल्या. छोटीबाईचा नवरा अमरचंद खापर गावच्या दुकानात अडकलेला, घरी येणार तो पाहुण्यासारखा. उरलेल्या दोघांनी बोलायचं कसं?

पहिल्याच दिवशी छोटीबाई टाकीपाशी उभी राहून म्हणाली, "माशांनो, ताट वाढलंय." बैठकीतून उत्तर आलं, "माशांनो, आलोच म्हणावं." घुंगटात तिला हसू फुटलं. तेव्हापासून घर माशांच्या मध्यस्थीनं चालू लागलं. भाजी कोणती करू हे माशांना विचारायचं, आणि मीठ जास्त झाल्याची तक्रारही माशांकडेच यायची. माहेर सोडून आलेल्या पोरीला त्या दोन शब्दांचा केवढा आधार होता!

दिवाळीनंतर उत्तरं थांबली. ती टाकीपाशी पुन्हा पुन्हा सांगायची, सासरे तिथंच बसलेले असायचे, पण हूं नाही की चूं नाही. ताट निवून जायचं. आपलं काय चुकलं, हेही तिनं माशांनाच विचारून पाहिलं. शेवटी तिनं बोलणंच सोडलं. उद्या भाऊ न्यायला येणार होता. ट्रंक भरून तयार होती, आणि या घरात परत पाऊल टाकायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"तुमनं घर, तुमना कान," असं पुटपुटत चुडामणनं वरच्या नळीच्या तोंडाला गाळण्याचं फडकं बांधलं. एखादा बारका मासा ओढला जाऊ नये, म्हणून शेठनी ते आठवणीनं आधीच आणून ठेवलं होतं.

शेठ उठून टाकीजवळ आले. घुंगटाकडे न बघता, रीतीप्रमाणे माशांकडे तोंड करून बोलू लागले. इतकं हळू बोलले, की छोटीबाईला दाराआडून चांगलं पुढं यावं लागलं.

"माशांनो, बीनणीला सांगा, आता बोल. त्या जुन्या पंपाच्या घरघरीत दिवाळीपासून पोरीचा एक शब्द कानावर आला नाही. रागावून माहेरी जाऊ नको म्हणावं. बघा, आता घर कसं शांत झालंय."

फडताळातली एक वाटी खाली पडली आणि फरशीवर खणखणत, गरगरत त्यांच्या टाचेमागे येऊन थांबली. शेठनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जुना पंप तर बोलण्याच्या आड येण्याइतका कधी वाजलाच नव्हता. म्हणजे ती नकोशी नव्हती. हा म्हातारा माणूस इतके महिने तिच्या शब्दाची वाट बघत बसला होता, आणि ती त्याच्यावर रुसली होती! तिचे डोळे भरून आले.

चुडामण पंप बंद करायला वाकला. तिनं हातानंच त्याला थांबवलं. मग ती टाकीला वळसा घालून सासऱ्यांच्या अगदी समोर उभी राहिली. दोन्ही हातांनी घुंगट वर केला, ओठ नीट दिसतील इतका, आणि सावकाश म्हणाली, "बापूजी, ताट वाढलंय. मी कुठं जात नाही."

शेठ तिच्या ओठांकडे बघतच राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा फुलला. पण रीत ती रीत. ते टाकीकडे वळले.

"ऐकलंत का, माशांनो? पंप चांगला असला, की कसं स्वच्छ ऐकू येतं!"