आखणीचा हात

एक वाजला आणि सरूने ब्रश पाण्यात ठेवला.

रामवाडीच्या त्या कारखान्यात असा ब्रश कुणी ठेवत नसे, आणि गणपती आठ दिवसांवर आलेले असताना तर नाहीच. फळ्यांवर दीडशे मूर्ती रंगून तयार होत्या, फक्त डोळे आखायचे बाकी होते. आखणी सरूची. पीतांबर कुणीही रंगवतं, डोळ्यांना मात्र जाणता हात लागतो. तो फिरेपर्यंत देव म्हणजे नुसतं रंगवलेलं सोंग.

"काय झालं गो?" मालक हैबतराव खुर्चीतूनच ओरडले.

"जेवायची सुट्टी."

"जेवण काय पळून जातंय? टेंपो भरला की जेव."

टेंपो रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या व्यापाऱ्याकडून आला होता. त्याचा ड्रायव्हर जुहेब केव्हाच जेवायला गेला होता. हैबतराव बारालाच जेवून, पान लावून बसले होते. उपाशी होत्या त्या सकाळी आठपासून मांडी घालून बसलेल्या नऊ बायका. त्यांची पोटं म्हणजे काय, मालकाच्या सवडीने भुकेजणारी!

सरूचं डोकं कालपासून तापलेलं होतं. काल अडीच वाजता तिच्या शेजारची गोदूबाई रंगाच्या वाट्यांवरच कोसळली. गोदूबाईला साखरेचा आजार. गोळी घेतली की वेळेवर जेव, नाहीतर एक दिवस पडशील ती उठायची नाहीस, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ती पडली तेव्हा हैबतराव धावत आले खरे, पण त्यांनी आधी उचलली ती तिच्या हातातून निसटलेली मूर्ती. सोंडेचा टवका उडाला होता. त्या टवक्यासाठी माणूस केवढा हळहळला! गोदूबाईच्या तोंडात गूळ कोंबला तो सरूने.

आणि कायदा? तो भिंतीवर होता. पाच तास काम झालं की अर्धा तास सुट्टी द्यावीच लागते, असं कामगार खात्याचा साहेब मागच्या महिन्यात दरडावून गेला होता. लगेच पाटी झाली : जेवणाची सुट्टी १ ते १.३०. रंगवली सरूनेच, सुबक अक्षरांत. साहेब पुन्हा येऊन ती बघून गेला आणि त्याच संध्याकाळी पाटीवर हात पुसायचं फडकं टांगलं गेलं.

सरू उठली. तिने ते फडकं ओढून जमिनीवर आपटलं.

"वाचा. तुम्हीच लावलीत."

बायकांचे हात थांबले. हैबतराव खुर्चीतून उठले.

"ती साहेबासाठी हाय, तुझ्यासाठी नाय. खाली बस, नायतर चालू लाग. तुझ्या आधी पण इथल्या गणपतींना डोळे होते."

हे मात्र खरं होतं. तीस वर्षं इथली आखणी गोदूबाईने केली होती. सरूला ब्रश धरायला तिनेच शिकवलं. हात कापायला लागले तशी ती मूर्तींचे पाट आणि उंदीर रंगवू लागली.

"गोदूबाई, ये गो. तू आख," हैबतरावांनी हाक मारली.

गोदूबाईने गोळी घेऊन अर्धा तास झाला होता. तिच्या कपाळावर घाम जमला होता. तरी ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

सरूला वाटलं, आपल्याच माणसाने आपल्याला तोंडघशी पाडलं. "मावशे, तुझ्यापायी भांडतेय मी! आणि तू याच्या हाकेला उठतेस?"

"गप ऱ्हा," गोदूबाई म्हणाली. तिने सरूकडे पाहिलंसुद्धा नाही.

सरूच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. मालकाचा राग परवडतो, तो परका असतो. पण तीस वर्षांची ही सवय! हाक आली की उठायचं, मग पोटात कावळे ओरडोत नाहीतर जीव जावो. कुणासाठी भांडायचं मग?

गोदूबाई अष्टमीच्या व्यापाऱ्याच्या मोठ्या मूर्तीपुढे बसली. डाव्या हाताने तिने उजवं मनगट घट्ट धरलं. श्वास रोखून एक रेघ ओढली. मग दुसरी. हैबतरावांनी सरूकडे बघून मिशीला हात लावला.

गोदूबाईने ब्रश सरूच्या ब्रशाशेजारी पाण्यात ठेवला. पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं आणि जाऊन थेट त्या पाटीखाली फतकल मारली.

"दोनच रेघा? आणि बाकीचं काय?" हैबतराव मूर्तीपाशी गेले. वाकले. त्यांचा हात मिशीवरून खाली आला.

मूर्तीला बुबुळं नव्हती. होत्या त्या दोन खाली वळलेल्या, सुबक, शांत रेघा. देवाच्या पापण्या मिटलेल्या होत्या.

"अगो, हे काय केलंस? डोळे मिटलेला देव कोण घेईल?"

मागे कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं. मग दुसरं वाजलं, तिसरं वाजलं. सरूने डोळे पुसले आणि ती गोदूबाईच्या शेजारी जाऊन बसली.

गोदूबाईने भाकरी मोडली. अर्धी सरूपुढे ठेवली, पहिला घास सावकाश चावून गिळला आणि मगच मान वर केली.

"पाटी देवानं वाचली, शेठ. दीडला उघडील डोळे."