ड्रॉइंगमधली माणसं

"सर, जरा इथंच थांबा ना. तुम्ही आलात की वारा येतो," कॉरिडॉर पुसता पुसता हौसामावशी म्हणाल्या. कालच त्या इथे उकाड्यानं चक्कर येऊन पडल्या होत्या.

निरगुडकर सर थांबले. आर्किटेक्चर विभागाची ही इमारत त्यांनीच काढलेली. ती कुणी बांधली नव्हती; झाडासारखी, ड्रॉइंगबरहुकूम आपली आपण उगवली होती आणि विजेवाचून गारवा द्यायची. गारवा वाया जाऊ नये म्हणून ड्रॉइंगमध्ये जे होते, तसल्यांनाच ती ओळखायची आणि त्यांच्यापुरताच वारा सोडायची.

"मी नव्हते का हो त्यात?"

माणसं सरांनी नेहमीप्रमाणे सबमिशनच्या शेवटच्या तासात टाकली होती, चित्र जिवंत दिसावं म्हणून. सॅक लावलेली पोरं, शीटचे रोल सांभाळणारी मुलगी, चष्मेवाले मास्तर.

"राहिलं, मावशी."

"मग आता काढा की."

"आता नाही होत. उगवून झाली ती."

"शंभर वर्षं टिकणार म्हणतात."

"हो," सर हळूच म्हणाले.

तासाची घंटा झाली. सर निघाले, तसा वाराही त्यांच्याबरोबर निघाला. जिन्यावरून त्यांनी वळून पाहिलं. मावशींनी कमरेच्या पिशवीतून बिस्किट काढून पुढच्या फरशीवर टाकलं. कॅम्पसमधलं पिवळं कुत्रं धावत आलं आणि लगेच झुळूक सुटली.

ड्रॉइंगमध्ये पायऱ्या फार मोकळ्या दिसत होत्या, म्हणून सरांनी तिथे एक कुत्रं काढलं होतं.

मावशी त्याच्याजवळ सरकल्या आणि फरशी पुसू लागल्या.