हनुवटीची पट्टी

तळवड्यातल्या एका कारखान्यात आम्ही निरोगी डोळ्यांची मापं घेत होतो. डोळ्यातल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या किती रुंद, पडद्याचे थर किती जाड, एवढंच. आकडे जुळायला हवेत म्हणून प्रत्येक डोळ्याचा फोटो दोनदा काढायचा. शिफ्ट सुटलेली माणसं तेलकट, घामट तोंडं मशीनवर टेकवत होती आणि हनुवटी टेकवायची पट्टी पुसून पुसून मला शिसारी आली होती.

रांगेतल्या कुलदीपच्या डोळ्यात गांडुळासारखी जाड, वळलेली एक वाहिनी दिसली. दुसऱ्या फोटोत ती नव्हती. पट्टी मात्र ओली आणि कोमट झाली होती.

“झालं का, मॅडम?” म्हणत तो उठला.

पुढच्या माणसाच्या डोळ्यात तीच वाहिनी, तशीच वळलेली. दुसऱ्या फोटोत गायब. मग त्याच्यानंतरच्याच्याही. दर वेळी मी ती कोमट, बुळबुळीत ओल पुसत होते.

“मशीनच बिघडलंय,” माझी सहकारी स्वरूपा म्हणाली. “तू बस, तुझा डोळा बघू.”

मी ओठ घट्ट मिटून हनुवटी टेकवली.

पहिल्या फोटोत ती होती. दुसऱ्यातही होती.

माझ्यामागे रांगेत कुणीच उरलं नव्हतं. डोळ्याच्या आत काहीतरी हळूच वळवळलं.

मी स्वरूपाचं मनगट धरलं. “आता तू बस.”